कागद काढा, पेन काढा

बेलव्ह्यूला राहायला येऊन मला तीन वर्षं झाली, आणि या गावाची एक गोष्ट मला इथल्या कुणीही सांगितली नाही. ती एका जुन्या शोधनिबंधाच्या तळटिपेच्या मागे लागल्यावर सापडली.

२००३ च्या जानेवारीतला शेवटचा शनिवार-रविवार. बेलव्ह्यूमधल्या एका केंद्रात ९११ वर येणारे आणीबाणीचे फोन घेतले जात. आजूबाजूच्या दोन गावांची पोलीस खाती आणि किमान १४ अग्निशमन दलं या केंद्रावर अवलंबून होती. तिथले संगणक अचानक इतके मंदावले की त्यांच्यावर काम करणं अशक्य झालं. मग फोन घेणाऱ्यांनी कागद काढले, पेनं काढली आणि हातानं लिहून काम चालू ठेवलं.

संगणक अडले होते ते 'स्लॅमर' नावाच्या किड्यामुळे. फक्त ३७६ बाइट्सचा हा प्रोग्रॅम, म्हणजे या परिच्छेदाहूनही लहान. इथल्या घड्याळाप्रमाणे शुक्रवारी, २४ जानेवारीला रात्री साडेनऊच्या सुमाराला तो सुटला. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत गेला आणि ज्या संगणकांना त्याची बाधा होऊ शकत होती त्यांतल्या नव्वद टक्क्यांपर्यंत दहा मिनिटांत पोचला. बँक ऑफ अमेरिकाची सुमारे १३ हजार एटीएम अडली. दक्षिण कोरियाचं इंटरनेट बसलं. तो ज्या फटीतून शिरला ती मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधली होती, आणि मायक्रोसॉफ्टचं मुख्यालय रेडमंडला, म्हणजे बेलव्ह्यूच्या शेजारच्या गावात. ती फट बुजवणारा पॅच सहा महिने आधी, २४ जुलै २००२ लाच निघाला होता. पण पुष्कळांनी तो लावलाच नव्हता. काहींना तर आपल्याकडे एसक्यूएल सर्व्हर आहे हेच माहीत नव्हतं, कारण तो दुसऱ्याच कुठल्यातरी सॉफ्टवेअरच्या पोटात बसून आलेला होता.

तुमच्यापैकी जे त्या काळात इथे ईस्टसाइडला राहत होते, त्यातले काही रेडमंडच्या त्याच इमारतींत काम करत असतील. बिल गेट्स यांनी सुरक्षेला सगळ्यांत वरचं स्थान द्या असं सांगणारं प्रसिद्ध पत्र कर्मचाऱ्यांना पाठवलं त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. तुमच्या आठवणी माझ्या तळटिपेपेक्षा नक्कीच चांगल्या असतील.

मी हे का शोधत बसले होते, ते सांगते. सायबर सुरक्षेतली जोखीम कशी मोजायची आणि फटका बसल्यावर संस्था कशा उभ्या राहतात, यावर मी पीएच.डी. केली. आता पोस्टडॉक म्हणून तेच काम पुढे नेते आहे आणि अधूनमधून एमएसच्या वर्गाला शिकवते. वर्गात दर वर्षी पाच-सहा तरी मराठी मुलं-मुली असतात. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर. बहुतेकांच्या डोक्यावर कर्ज असतं आणि तोंडावर पहिला प्रश्न असतो, यात नोकरी मिळेल ना? प्रश्न रास्त आहे. पण मला खरं अडचणीत टाकलं ते सांगलीच्या माझ्या आत्याच्या प्रश्नानं. व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "तू एवढं शिकलीस ना, मग एक सांग. माझे पैसे सहकारी बँकेत ठेवू की काढू?"

आत्याचा प्रश्न नुसत्या काळजीतून आलेला नव्हता. तिच्या डोक्यात कॉसमॉस बँक होती.

कॉसमॉस ही पुण्यातली १९०६ मध्ये सुरू झालेली सहकारी बँक. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ चा, म्हणजे ही संस्था जवळजवळ त्या कायद्याच्याच वयाची. तिच्या गणेशखिंड रस्त्यावरच्या मुख्यालयावरून तुम्ही कधीतरी गेला असाल. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी, बनावट कार्डं हातात घेतलेली माणसं २८ देशांतल्या एटीएमसमोर उभी राहिली. काही तासांत व्हिसाच्या जाळ्यातून सुमारे १२ हजार व्यवहार झाले आणि ७८ कोटी रुपये बाहेर गेले. भारतात रुपे कार्डांवरून २,८४९ व्यवहारांत आणखी अडीच कोटी निघाले. जिथे पैसे काढले गेले त्या गावांत कोल्हापूरही होतं. रविवार मध्ये गेला. सोमवारी, १३ तारखेला, आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेतल्या खात्यावर वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला.

यात चोरांनी नेमकं काय केलं, ते समजून घेण्यासारखं आहे. तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता तेव्हा निरोप कार्डाच्या जाळ्यातून तुमच्या बँकेच्या 'स्विच'पर्यंत येतो. स्विच आतल्या मुख्य प्रणालीला विचारतो, या खात्यात एवढे पैसे आहेत का? आतून होकार आला की यंत्र नोटा मोजतं. जुन्या बँकेतला काउंटर आठवा. खिडकीवरचा माणूस मागे वळून खतावणी पाहणाऱ्याला विचारायचा आणि मगच पैसे द्यायचा. पुण्यात झालं ते असं की खिडकी आणि खतावणी यांच्यामध्ये कुणीतरी तिसराच येऊन बसला. तो मागे न विचारताच "द्या" म्हणत राहिला. म्हणून कुठल्याही ग्राहकाच्या खात्यातून एक रुपयाही वजा झाला नाही. खतावणीला काही कळलंच नव्हतं. गेले ते बँकेचे पैसे.

आणखी एक तपशील मला दर वेळी शिकवताना टोचतो. १० ऑगस्टला, म्हणजे आदल्याच दिवशी, एफबीआयनं बँकांना गोपनीय इशारा दिला होता: येत्या काही दिवसांत जगभरच्या एटीएममधून एकाच वेळी पैसे उपसण्याचा बेत दिसतो आहे. बँक कुठली, ते त्यात नव्हतं. दिवस मात्र ओळखीचा होता. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून फेब्रुवारी २०१६ मध्ये ८ कोटी १० लाख डॉलर गेले तेही आठवड्याच्या सुट्ट्यांच्या सांध्यात. तिथे शुक्रवारी सुट्टी, न्यूयॉर्कला शनिवार-रविवारी. चोर कॅलेंडर पाहून काम करतात, आणि आपण सुट्टीच्या दिवशी एकच माणूस ड्यूटीवर ठेवतो.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाच्या २०१९ च्या अहवालानं या चोरीचा धागा उत्तर कोरियाशी जोडला. अमेरिकेच्या न्याय खात्यानं फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्तर कोरियाच्या तिघांवर आरोप जाहीर केले, तेव्हाच कॅनडातल्या एका माणसाचा कबुलीजबाबही समोर आला. एटीएममधून उपसलेले पैसे पांढरे करणाऱ्या टोळ्या त्यानं उभ्या केल्या होत्या, आणि त्या पैशांत २०१८ मध्ये भारतातल्या एका बँकेतून गेलेले पैसेही होते. पुण्याच्या न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा सुनावली. ही सगळी शेवटच्या टोकाची, यंत्रासमोर उभी राहणारी माणसं. प्याँगयांगमध्ये बसलेल्यांपर्यंत पुण्याचे पोलीस पोचणार कसे?

आता या लेखातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. तो चोरीचा नाही, परिपत्रकांच्या तारखांचा आहे. कंटाळवाणा वाटेल, पण थोडं थांबा.

रिझर्व्ह बँकेनं व्यापारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट २ जून २०१६ ला काढली. धोका कसा ओळखायचा, चोवीस तास पहारा कसा ठेवायचा, फटका बसल्यावर काय करायचं, हे त्यात होतं. नागरी सहकारी बँकांसाठीची मूलभूत चौकट आली १९ ऑक्टोबर २०१८ ला. म्हणजे व्यापारी बँकांनंतर सव्वादोन वर्षांनी, आणि कॉसमॉसनंतर दोन महिन्यांनी. बँकेच्या आकाराप्रमाणे आणि ती किती डिजिटल सेवा देते त्याप्रमाणे पायऱ्या ठरवणारी सविस्तर चौकट यायला ३१ डिसेंबर २०१९ उजाडला. देशातल्या नागरी सहकारी बँकांत सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा आहे. तुमच्या-माझ्या घरातलं पहिलं पासबुक बहुधा अशाच बँकेचं असतं. त्या बँका एटीएम आणि मोबाइलच्या जाळ्याला जोडल्या गेल्या त्या इतरांबरोबरच. नियम मात्र मागून आले. जोखीम एकाच जाळ्यातली आणि तयारी दोन वेगळ्या वेगांची, हे दुखणं कॉसमॉसच्या एकटीच्या चुकीपेक्षा मोठं आहे असं माझं मत आहे. लहान बँकांना असं काही परवडत नाही, हे वाक्य तेव्हा सगळेच म्हणत. चोरांनी ते ऐकलं असावं.

मग जोखीम मोजायची कशी? आमच्या एमएसच्या अभ्यासक्रमात पहिल्याच महिन्यात एक गुणाकार शिकवतात. तो अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेनं १९७९ मध्ये काढलेल्या एका मार्गदर्शिकेतून रुळला. एखादी घटना वर्षाला किती वेळा घडते आणि घडली की किती नुकसान होतं, यांचा गुणाकार करा. आलेला आकडा म्हणजे तुमचं अपेक्षित वार्षिक नुकसान. दहा वर्षांतून एकदा होणारं कोटीचं नुकसान म्हणजे वर्षाला दहा लाख. ते टाळणारा उपाय नऊ लाखांत मिळत असेल तर घ्या, अकरा लाख लागत असतील तर सोडा. मूळ मार्गदर्शिका प्रामाणिक होती. तिनं अंदाज नुसते दहाच्या पटीत करायला सांगितले होते, कारण यापेक्षा बारीक काही आपल्याला कळत नाही हे तिला मान्य होतं. पुढच्या लोकांनी त्यावर दशांश चिन्हं चढवली आणि लाल, पिवळे, हिरवे चौकोन रंगवले.

हा गुणाकार मी वर्गात जुलै २०१८ मधल्या पुण्याला लावायला सांगते. ११२ वर्षांच्या संस्थेत जे एकदाही घडलेलं नाही, ते किती वर्षांतून एकदा घडेल असं धरायचं? शंभर वर्षांतून एकदा म्हटलं तर उत्तर वर्षाला सुमारे ९४ लाख. दहा वर्षांतून एकदा म्हटलं तर साडेनऊ कोटींच्या घरात. या दोन आकड्यांवर दोन पूर्ण वेगळ्या बँका उभ्या राहतात, आणि कुठला आकडा खरा हे सांगणारं कुणीच नाही. एकदा कोल्हापूरचा एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, मग हे शिकायचंच कशाला?" वर्ग हसला. मी हसले नाही, कारण मला पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी नेमकं हेच वाटलं होतं.

त्याला मी जे उत्तर दिलं ते बेलव्ह्यूपासून गाडीनं अडीच-तीन तासांवरच्या व्हँकुव्हरमधून आलेलं आहे. तिथल्या विद्यापीठात सी. एस. हॉलिंग नावाचे परिसरशास्त्रज्ञ होते. १९७३ मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला. जंगलांवर ठरावीक काळानं तुटून पडणाऱ्या एका अळीचा अभ्यास त्यांच्यापुढे होता. जे जंगल सतत एकसारखं दिसतं ते टिकाऊ असेलच असं नाही, आणि जे वरखाली होत राहतं ते मोठे धक्के पचवून उरतं, असं त्यांनी दाखवलं. इंग्रजीतला 'रेझिलियन्स' हा शब्द आमच्या विषयात आला त्यामागे हा विचार आहे. मराठीत त्याला काय म्हणावं यावर मी बराच खल केला आहे. 'लवचीकता' म्हटलं तर रबर आठवतं. 'चिवटपणा' जरा जवळचा. माझ्या मते खरा शब्द आपल्याकडे शेतात आहे: तगणं. पावसानं ओढ दिली तरी ज्वारी तगली, असं म्हणतात ना, ते. हल्ला किती वर्षांतून एकदा होईल हे सांगता येत नसेल, तरी झाला तर आपण किती दिवस तगू, हे मात्र आज दुपारी तपासून पाहता येतं.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण अर्धं आपल्याकडचं आहे. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधून सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं काम बंद पडलं. न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनलही थांबलं. कंटेनर कुठे ठेवलाय, कुणाचा आहे, हे सांगणारा संगणकच नाही, मग ट्रक आत घेऊन करणार काय? कंपनीनं दहा दिवसांत ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्यानं उभे केले. पण ते शक्य झालं ते एका योगायोगानं. कुणाला कुठे प्रवेश आहे याची मूळ नोंदवही असणारे जगभरचे सर्व्हर पुसले गेले होते. एकच वाचला, घानातल्या कार्यालयातला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती. ज्यांचं बालपण लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर गेलं त्यांना यावर हसू येईल. मला अजून येतं. पण इतक्या मोठ्या कंपनीचं तगणं वीज जाण्यावर अवलंबून असावं, हे नंतर विचार करू लागलं की हसू मावळतं.

म्हणून आता मी वर्गात गुणाकारानंतर एक सराव घेते. समजा शनिवार आहे, दुपारचे तीन. तुमच्या संस्थेचे सगळे संगणक बंद. पहिला फोन कुणाला कराल? बहुतेक गट एखादं नाव सांगतात. मी विचारते, नंबर? तो कंपनीच्या डिरेक्टरीत असतो. डिरेक्टरी कुठे आहे? बंद पडलेल्या संगणकावर. इथे वर्गात शांतता पसरते. पाठ्यपुस्तकातल्या चौकटी मला नकोशा झालेल्या नाहीत, त्या लागतातच. पण या शांततेत मुलं जे शिकतात ते रंगीत चौकोनांत मी त्यांना देऊ शकत नाही.

आणि हे जुन्या काळातलं नाही. २४ ऑगस्ट २०२४ ला सिएटल-टकोमा विमानतळ चालवणाऱ्या पोर्ट ऑफ सिएटलवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. त्या आठवड्यात तुमच्यापैकी कुणी भारतात निघाला असाल तर आठवेल. पडदे काळे होते, काही विमान कंपन्या बोर्डिंग पास हातानं लिहून देत होत्या आणि बॅगा माणसं वाचून लावत होती. चोरांनी १०० बिटकॉइन मागितले, पोर्टनं दिले नाहीत. त्याच्या तीनच आठवडे आधी भारतात सी-एज या कंपनीवर असाच हल्ला झाला. लहान बँकांना तंत्रसेवा पुरवणारी ही कंपनी. जाळं वाचवण्यासाठी ३१ जुलैला तिला देशाच्या पेमेंट यंत्रणेपासून तोडावं लागलं आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. त्या बँकांवर थेट हल्ला झालेलाच नव्हता. ज्याच्याकडून सेवा घेतली, तो पडला.

आत्याला मी काय सांगितलं? आधी कॉसमॉसचं पुढे काय झालं ते सांगितलं. बँकेनं एटीएम, नेट बँकिंग, मोबाइल बँकिंग बंद केलं, तोटा स्वतः सोसला, ग्राहकांच्या ठेवींना हात लागला नाही. बँक उभी आहे. २०२३ मध्ये तर मुंबईची मराठा सहकारी बँक तिच्यात विलीन झाली. म्हणजे ती तगली. मग दुसरं. बँकच बुडाली तर एका बँकेतल्या ठेवींवर पाच लाखांपर्यंत विमा आहे. फेब्रुवारी २०२० च्या आधी तो एकच लाख होता. तेव्हा सगळं एका ठिकाणी नको. तिसरं, न केलेला व्यवहार खात्यात दिसला तर तीन कामाच्या दिवसांत बँकेला लेखी कळव. चूक तुझी किंवा बँकेची नसून बाहेरच्या कुणाची असली, तर तेवढ्यात कळवल्यावर तोटा तुझ्यावर येत नाही. सहकारी बँकांनाही हा नियम डिसेंबर २०१७ पासून लागू आहे.

"पण व्यवहार दिसणार कसा?" तिनं विचारलं. ओटीपीचा मेसेज तिच्या फोनवर जात नाही, माझ्या भावाच्या फोनवर जातो, आणि तो ऑस्टिनला असतो. ही व्यवस्था आम्ही दोघांनीच तिच्या सोयीसाठी केली होती. तुमच्याही घरी अशीच काहीतरी असेल. तिथे रात्र असते तेव्हा इथे दिवस, आपण असतोच ना जागे, असं आपण म्हणतो. नोव्हेंबर २०२४ च्या वादळात बेलव्ह्यूतली वीज गेली तेव्हा माझा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी मेला. त्या अवधीत आत्याच्या खात्यात काही झालं असतं तर आम्हा दोघांपैकी एकाला तर नक्कीच कळलं नसतं. बारा वर्षं जोखीम शिकणाऱ्या बाईच्या घरची ही तऱ्हा.

आता मेसेज तिच्याच फोनवर येतात. आत्याला ते वाचायला चष्मा आणि बराच वेळ लागतो, आणि ती प्रत्येक आकडा एका दोनशे पानी वहीत उतरवून ठेवते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरायला बँकेत जाते आणि वहीशी ताडून पाहते. गेल्या महिन्यात छपाईचं यंत्र बंद होतं. काउंटरवरच्या मुलीनं उद्या या म्हणून सांगितलं. आत्या म्हणाली, उद्या कशाला, तू वाच, मी लिहिते. आणि तिथेच बाकावर बसून तिनं सतरा नोंदी लिहून घेतल्या.